दुसऱ्या कंपनीचे पिस्टन

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार
काल धम्मचक्र दिनासाठी नागपूरला निघाले. पांढरकवड्याच्या अलीकडे जीपने धूर सोडला आणि बसली. टोचन लावून आदिलाबादला परत. मी अजिबात घाबरले नाही. फक्त बसून राहिले.

गोपाल मेकॅनिक म्हणतो, पिस्टन गेले मॅडम, इंजिन खोलावं लागते.

आमचे हे, बाबाराव, असताना त्यांनी मला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. गाडी टर्बो आहे, बायकांचं काम नाही, म्हणायचे. ते गेल्यापासून मीच चालवते. बंपर दोनदाच बदलला.

संध्याकाळ
हैदराबादहून विनयचा फोन. म्हणाला, आई, गाडी आहे तोवर तू एकटी मॅनेज करतेस. गाडी नसली तर काहीतरी विचार करावा लागेल.

‘काहीतरी विचार’ म्हणजे मला हैदराबादला घेऊन जाणार. आईला मुलाचं मन कळतं. पण मी जाणार नाही. निर्णय झाला. विनय नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी येतोय. तोवर जीप तयार हवी. मी स्वतः चालवत त्याला निर्मलला नेऊन आणीन. बघू दे डोळ्यांनी, आईला कोणाची गरज नाही ते.

६ ऑक्टोबर
गाडीच्या कंपनीचे पिस्टन यायला दीड महिना लागेल. गोपाल म्हणतो, थांबा. मी थांबू शकत नाही. भैंशाच्या एका दुकानात दुसऱ्या कंपनीचे मिळतात, लगेच.

७ ऑक्टोबर
बसने भैंशाला. दुकानदार म्हणाला, अम्मा, ये सादे इंजिन का है. टर्बो का अलग आता, उसके अंदर तेल घूमता, ठंडा रखता. मी विचारलं, गोलाई तीच ना? म्हणाला, गोलाई तो वहीच है, लेकिन... मी म्हटलं, बांधा.

दुकानदारांना लेकिन म्हणायची सवय असते.

शाळेत असताना, नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये, कॉयरच्या स्पर्धेला माझ्याकडे ब्लेझर नव्हता. सिस्टर बर्नाडेटने दुसऱ्या शाळेचा आणला, रंगवला, स्वतः बटणं लावून दिली. कोणाला कळलंसुद्धा नाही. पावसात थोडा रंग उतरला, पण तोवर आम्ही गाऊन झालो होतो. किती मायेने लावली होती ती बटणं.

आणि मी स्वतः? नागपूरची मुलगी, लग्न करून इकडे बेला गावातल्या घरात बसवली. बसलेच की. सासूबाई शेवटपर्यंत मला ‘ते नागपूरवाली’ म्हणायच्या, ते प्रेमानेच.

९ ऑक्टोबर
पिस्टनची पिन थोडी लहान निघाली. गोपाल बुश, म्हणजे धातूचं कडं, घालून बसवणार. म्हणाला, तुमी म्हणता म्हणून करून राह्यलो मॅडम, मंग मले बोलू नका. मी म्हटलं, आत्मविश्वास ठेव.

टर्बो काढून ठेवू का, असंही विचारत होता. बिगर टर्बोची चालेल म्हणे, हळू चालेल. विनयसमोर हळू चालून काय उपयोग?

१७ ऑक्टोबर
स्वयंपाकाला येणारी गयाबाई आज फार बोलली. म्हणे, बाई, त्या जीपच्या मागं काऊन लागून राह्यल्या? पोराले सीधं सांगा ना, मले घेऊन जाय म्हणून. लाज कायची वाटते?

मी तिला स्पष्ट सांगितलं की मला जायचंच नाही. ती म्हणाली, हो, दिसते ते. आणि हसत पोळ्या लाटत राहिली.

भाजीत मीठ जास्त होतं. बोलले तिला त्याबद्दल.

२६ ऑक्टोबर
जीप सुरू झाली! पहिल्यांदा थोडी टकटक करते, गरम झाल्यावर थांबते. मीही सकाळी उठल्यावर गुडघ्यांतून असाच आवाज करते. ‘सेट’ व्हायला वेळ लागतो.

गावातल्या गावात चालवली. उत्तम. दुकानदाराला फोन करून सांगणार होते. राहून गेलं.

१ नोव्हेंबर
विनयचा फोन. मैत्रीही येतेय. सूनबाई दोन वर्षांनी येतेय, म्हणजे दोघं मिळून आग्रह करणार. फोनवर हैदराबादचा विषय काढला नाही त्याने. समोरासमोर बोलायचं असेल.

आरशासमोर नकाराची प्रॅक्टिस केली. मराठीत आणि इंग्रजीत. इंग्रजीत जास्त चांगला जमतो. मराठीत मध्येच गळा भरतो. धुळीमुळे.

८ नोव्हेंबर, शनिवार
जाताना उतार. सगळं छान. विनय म्हणालासुद्धा, आई, मानलं तुला.

येताना निर्मलचा घाट. तो शेजारी बसलेला, म्हणून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. टर्बोची शिट्टी वाजली, बाबारावांना आवडायची तशी. मग बशी फुटावी तसा आवाज झाला, आणि जीप चढावर थांबली ती थांबलीच. कठड्यावर माकडं बसली होती. मैत्रीने माकडांचा व्हिडिओ काढला. त्यात मीही आले.

गोपाल येऊन गाडी घेऊन गेला. संध्याकाळी फोन आला त्याचा. पिस्टन वितळून चिकटले मॅडम, इंजिनचा ब्लॉकपन गेला, आता काही होत नाही. बोलू नका म्हणाला होता, म्हणून बोलले नाही.

विनय एक शब्द रागाने बोलला नाही. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार. पहाट
विचार केला. हट्ट किती करायचा? मुलाचा जीव तुटत असेल. गाडी राहिली नाही, तर आता तो विचारणारच. या वेळी नाही म्हणायचं नाही. बॅग भरून ठेवली, म्हणजे त्याला फार आग्रह करावा लागणार नाही.

दुपार
चहाच्या वेळी मीच म्हटलं, विनय, आता तू म्हणशील तसं. येते मी.

तो मैत्रीकडे बघायला लागला. मग म्हणाला, कुठे, आई?

त्यांच्या हैदराबादच्या घरात दुसऱ्या खोलीत ऑगस्टपासून मैत्रीची आई राहते. त्या एकट्या होत्या, त्यांना काही जमत नाही. मला सांगायचं राहून गेलं होतं. तुझं काय, म्हणाला, तू खंबीर आहेस, कोणाचं ऐकत नाहीस. रात्री सोबतीला गयाबाईला ठेवू.

मी म्हटलं, अरे, मी दोन-चार दिवसांचंच म्हणत होते.

निघताना मैत्रीने विचारलं, आई, लिंबाचं लोणचं आहे का? आमच्या मम्मीला तुमच्या हातचं फार आवडतं.

होतं. माझ्या बॅगेत, साड्यांमध्ये गुंडाळून ठेवलेलं. आत जाऊन काढून आणलं.