लाटसाहेब, आ करा

३ फेब्रुवारी

उद्यापासून लाटसाहेबांचं वरचं खाणं सुरू.

लाटसाहेब म्हणजे माझा नातू. सहा महिने नुसत्या दुधावर राहून त्यांचा रुबाब इतका वाढलाय, की खरं नाव आता फक्त डॉक्टरीणबाईंच्या फाइलवर उरलं आहे.

जेवताना सूनबाईने पुन्हा तोच विषय काढला. तिची बदली झाली आहे. विमानाने जावं लागतं इतकी लांब. तिथलं पाळणाघर म्हणे चमच्याने दोन वेळा नीट खाणारी मुलंच घेतं. तेव्हा हा खायला लागला, की तिघं निघणार. चिरंजीव मान डोलवत होते. लग्नानंतर त्यांना मान डोलवण्याचीच नोकरी लागली आहे.

कोणी कुठे जाणार नाही. मी बघून घेते.

प्लॅन असा: भरवायचं मी आणि फक्त मीच. पोराला माझ्या हाताची अशी सवय लावायची, की दुसऱ्या कुणाकडून घास घेणार नाही. मग न्या म्हणावं विमानाने!

ह्यांना सांगितलं. पेपर खाली करून म्हणाले, "म्हणजे तो जाऊ नये म्हणून तू त्याला खायला शिकवणार?" पेपर पुन्हा वर. ह्यांना स्ट्रॅटेजी कधीच कळली नाही.

४ फेब्रुवारी, सकाळी अकरा

गाजर. उकडलं, कुस्करलं, गाळणीतून गाळलं. मखमल झाली होती. लाटसाहेबांनी घास घेतला, थोडा विचार केला आणि जिभेने जसाच्या तसा लाळेऱ्यावर ठेवला. तक्रार न नोंदवता माल परत.

मी टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागातून रिटायर झालेली बाई आहे. असल्या गिऱ्हाइकांना मी घाबरत नाही.

पहिला दिवस असाच जायचा. गाजर जरा जूनच होतं.

६ फेब्रुवारी

बटाटा. थोडा माझ्या चष्म्यावर, बाकी त्यांच्या कानात. कानात कसा गेला याचा तपास चालू आहे.

सूनबाईने मोबाइलवर वाचून दाखवलं, की बाळाच्या पुढ्यात तुकडे ठेवून द्यावेत, ते आपल्या हाताने खातं. मी म्हटलं, मग आपण कशाला, एक पाटी लावू, सेल्फ सर्व्हिस. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर शेजारी उभ्या राहायच्या, ताट रिकामं होईपर्यंत. सूप पिताना चमचा बाहेरच्या बाजूला ढकलायचा, आवाज करायचा नाही. आम्ही कोणी कानात बटाटा घातला नाही.

सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही तेव्हा सहा महिन्यांच्या नव्हतात.

उत्तर द्यायला मला नंतर सुचलं. बाथरूममध्ये दिलं.

९ फेब्रुवारी

चमचा बदलला. लाळेरं बदललं. खुर्ची खिडकीकडे केली. केळं. तिन्ही बदल निष्फळ.

उद्यापासून कडक धोरण. मनधरणी बंद.

१० फेब्रुवारी

मनधरणी केली. आज त्यांचा मूड नव्हता, त्याला धोरण काय करणार?

१२ फेब्रुवारी

गिळलं!!

गाजरच. मी म्हटलं, "हॅलो, लाटसाहेब, आपली लाइन चालू झाली आहे, आ करा," आणि त्यांनी आ केला. घास आत गेला आणि आतच राहिला. पाठोपाठ दुसरा. वाटी चाटूनपुसून साफ.

हे दारात उभं राहून बघत होते. म्हणाले, दर घासाला तू स्वतः आ करतेस, माहीत आहे का? मी म्हटलं, काहीतरीच. मग कपाटाच्या आरशात पाहिलं. करते.

१५ फेब्रुवारी

आता वाटी लागत नाही. मी नुसती खोलीत आले, तरी तोंड उघडतात. आंघोळ करून केस पुसत आले, तरी. इतकी वर्षं तक्रारीच्या खिडकीत बसले, मला बघून लोकांनी तोंड उघडलं ते भांडायला. हे पहिलंच माणूस.

प्लॅन शंभर टक्के यशस्वी. सूनबाईच्या चेहऱ्यावर काळजी दिसत नाही, पण आतून असणारच.

१९ फेब्रुवारी

थोडी पीछेहाट.

सकाळी सूनबाईने भरवलं. खाल्लं. दुपारी ह्यांनी भरवलं. आयुष्यात कधी स्वतःचा चहा ढवळला नाही या माणसाने, पण ह्यांच्याकडूनही खाल्लं. संध्याकाळी बेसिनचा नळ बघायला प्लंबर आला. पान्हा घेऊन वाकला, तर लाटसाहेबांनी त्यालाही आ करून दाखवला. प्लंबर म्हणाला, गोड पोर आहे हो आजी, कुणाकडेही राहील.

नळ अजून गळतोच आहे. दुसरा प्लंबर बघायला हवा.

२२ फेब्रुवारी

सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही भरवताना व्हिडिओ काढते, तुमच्याकडून सगळ्यात छान खातो. मी निळी साडी नेसले. इस्त्री केली. लाटसाहेबांनी अख्खी वाटी सफरचंद संपवलं, एक थेंब सांडला नाही. व्हिडिओत माझा चेहरा नाही, नुसता हात आहे. पण हात फार सुंदर आलाय. अगदी स्थिर.

पाळणाघराला पाठवायचाय, म्हणाली. पाठव म्हटलं. त्यांनाही कळू दे, भरवणं कशाला म्हणतात.

ह्यांनी पेपर खाली करून माझ्याकडे बघितलं. विचारलं काय झालं, तर पेपर पुन्हा वर.

२५ फेब्रुवारी

पाळणाघराने जागा दिली.

सूनबाई धावतच स्वयंपाकघरात आली आणि मला घट्ट मिठी मारली. तशी ती मिठ्या मारणाऱ्यातली नाही. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. म्हणाली, आई, हे सगळं तुमच्यामुळे झालं. तुम्ही नसतात, तर आम्हाला अजून वर्षभर इथेच थांबावं लागलं असतं.

मी म्हटलं, त्यात काय एवढं.

मग गाळणी घासली. स्वच्छच होती.

२६ फेब्रुवारी

संप. आजपासून भरवणं बंद. जेवताना जाहीर केलं, की लाटसाहेबांनी खाणं सोडलंय, दुपारी घासही घेतला नाही, मुलाची तयारी झालेली दिसत नाही, डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं, घाई नको. चिरंजीव घाबरले. सूनबाई घाबरली. बोलणं अगदी मुद्देसूद झालं.

तेवढ्यात, ह्यांच्या मांडीवर बसलेल्या लाटसाहेबांनी ह्यांच्या हातातला चमचा तोंडाने पकडला आणि सोडेनात. मग भाताचं शीतन्‌शीत. मग चिरंजिवांच्या ताटातला बटाटा. मग रिकामा चमचा.

सगळे हसले. कोणी मला काही विचारलं नाही. हेच जास्त लागलं.

२७ फेब्रुवारी, दुपारी एक

घरात आम्ही दोघंच. संप पुढे चालू. वाटी घेऊन समोर बसले आणि चमचा उचललाच नाही. म्हटलं, चिडू दे, रडू दे, चमच्यावरची श्रद्धा उडू दे एकदाची.

रडले नाहीत. आ करून बसले. वाटीकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघत होते. घास येणार आहे, आजी जरा कामात आहे, एवढंच त्यांच्या तोंडावर होतं. लाळ हनुवटीवरून गळत होती, तरी तोंड मिटेनात.

भरवलं. तोंड फार वेळ उघडं राहिलं तर जबडा दुखतो, म्हणून.

१ मार्च

चिरंजिवांना बाजूला घेऊन स्पष्ट विचारलं, आम्हीही आलो तर? म्हणाला, आई, दोनच खोल्या आहेत गं. जरा स्थिरस्थावर होऊ दे, मग बोलावतोच. मी म्हटलं, छे, मी गंमत केली, मला कुठे जमणार इथलं सोडून, माझी कामं पडली आहेत.

कामं कोणती ते त्याने विचारलं नाही. बरं झालं.

ह्यांना म्हटलं, मी शिकवलं नसतं तर? म्हणाले, अगं, तिने शिकवलं असतं. भूक लागली की खातंच पोर. मी म्हटलं, इतक्या लवकर नाही, असं सुंदर तर मुळीच नाही. म्हणाले, हो, असं सुंदर नाही. आणि माझ्या पाठीवर हात ठेवून पेपर शोधायला गेले. पेपर ह्यांच्या काखेतच होता.

८ मार्च

गेले.

टॅक्सीत बसवताना मी शेवटचं केळं भरवणार होते. सामान, पासपोर्ट, टॅक्सीवाल्याचा हॉर्न, राहून गेलं. लाटसाहेब खांद्यावर झोपलेले होते. उठवलं नाही. प्रवासात झोप महत्त्वाची.

सूनबाईला बजावलं, गाजर दोनदा गाळ. म्हणाली, हो आई. ती नाही गाळणार.

मला अजिबात वाईट वाटलेलं नाही. हे वरच्या पट्टीत नाक शिंकरतात, त्याचाच काय तो त्रास.

१० मार्च

पोचल्याचा फोन. सगळे ठीक. आता रोज वाचन, फिरणं, आणि कपाटं आवरणं. बऱ्याच वर्षांनी मोकळा वेळ मिळतोय. ठरवलंय, फ्रेंच परत सुरू करायचं, सिस्टर म्हणायच्या माझे उच्चार चांगले आहेत.

११ मार्च

भाजीवालीकडून गाजरं आणली. सवयीने. ह्यांना कोशिंबीर केली. फ्रेंचचं पुस्तक सापडलं नाही.

१६ मार्च, संध्याकाळी पाच

पहिला व्हिडिओ कॉल. निळी साडी. चष्मा दोनदा पुसला.

लाटसाहेब नव्या खुर्चीत. अंगाने वाळलेत का, हे फोनवर कळत नाही. आधी त्यांनी छताकडे बघितलं, मग सूनबाईच्या बोटाकडे, मग माझ्याकडे. आणि आ केला.

सूनबाई ओरडली, आई, ओळखलं बघा! चिरंजीव हसले. हे हसले. मीही हसले. मीही आ केला असणार, कारण ते आणखी पुढे वाकले.

तसेच थांबले. मान पुढे, तोंड उघडं. मी म्हटलं, लाटसाहेब, लाइनमध्ये बिघाड आहे. म्हटलं, आईकडून घे राजा, आजीचा हात तिथवर पोचत नाही. त्यांना एवढंच कळलं, की आवाज माझा आहे. अजून थोडं थांबले. मग खालचा ओठ थरथरला. असे रडले, की इथे असताना एकदाही तसे रडले नव्हते. सूनबाईने फोन वळवला. पांढरी भिंत दिसत राहिली आणि रडणं ऐकू येत राहिलं.

साडेसहाला तिचा पुन्हा फोन. नुसता आवाज. फार हळू बोलत होती. म्हणाली, आई, रागावू नका हं. थोडे दिवस व्हिडिओ नको करू या. तुम्ही दिसलात की त्याला वाटतं घास येणार, आणि येत नाही. इथे रुळू दे त्याला, मग करू.

बरोबर आहे तिचं. मीच सुचवणार होते.