उलट्या नावाचा वजीर

मी, खाली सही करणारी, धंद्याने कवळ्या बनवणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. रागात मात्र आहे. "रागाचा उल्लेख नको," असं वकीलबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "मग लिहायला उरलं काय?" यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं धाकट्या भावाला दिलं होतं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक भावजयीला. तिने घर विकावं, भाड्याने द्यावं, नाहीतर कुलूप लावून ठेवावं. नवऱ्याला विचारायची गरज नाही.

२. पॉलिशचं यंत्र, साचे आणि मेण कोरायच्या सुऱ्या पलीकडच्या गल्लीतल्या कवळीवालीला. आमचं कधीच पटलं नाही. तिने माझी गिऱ्हाइकं पळवली, पण तोंडावर सांगून पळवली. माझ्या हाताखाली शिकलेल्याला तेवढंही जमलं नाही.

३. बुद्धिबळाचा संच. हा मी बनवला, हे इथे शपथेवर लिहिते. एक बाजू दातांसारखी पांढरी, दुसरी हिरड्यांसारखी गुलाबी. प्याद्यांच्या डोक्यावर दाढा, घोड्यांचे कान पटाशीच्या दातांचे, आणि हत्तींना अर्थातच सुळे. गुलाबी राजाच्या बैठकीत वडिलांची शेवटची कवळी कापून बसवली आहे. खेळायला आम्हा दोघांना त्यांनीच शिकवलं. डाव हरले की कवळी काढून टेबलावर ठेवायचे, म्हणजे बोलणं बंद. सोंगट्यांवर मी नाव घातलं नाही. घरातल्या वस्तूवर कोण नाव घालतं?

मी कंबर मोडून पडले होते तेव्हा "ताई, प्रदर्शनात ठेवतो, तुझं नाव होईल," म्हणून भावाने संच नेला. पांढऱ्या वजिराची बैठक मला पुन्हा घासायची होती, म्हणून तो तेवढा माझ्या उशाशी राहिला. बरी झाल्यावर काठी टेकत भावजयीबरोबर बघायला गेले, तर पाटीवर नाव भावाचं. बक्षीसही त्यालाच. घरी आल्यावर विचारलं.

"ताई, तुला कुठे चारचौघांत मिरवायला आवडतं? नाव तुझं काय, माझं काय, घरातच राहिलं ना?"

"मग माझंच लावायचं होतंस."

आईमागे मी त्याला वाढवलं. त्याचा पहिला हलणारा दात मी या बोटांनी काढला. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. हे मला गिळता येत नाही.

कमी पडलेला वजीर प्रदर्शनाआधी त्याने स्वतः ओतला आणि साच्यात आपलं नाव कोरलं. साच्यात अक्षरं उलटी कोरायची असतात, तेव्हा ती वस्तूवर सुलटी उमटतात. हे मी शिकवत होते तेव्हा साहेब खिडकीबाहेर बघत होते. त्याने सुलटं कोरलं, म्हणून वजिरावर नाव उलटं आलं. परीक्षकांना ती नक्षी वाटली. तिथे तो बघताच माझ्या तोंडून मात्र पटकन निघालं, "अरे, उलटं कोरायचं ना!" आणि मग रडू आलं.

प्रदर्शनातून परतताना भावजयीने एकटीनेच विचारलं, "ताई, हे तुमचं काम आहे ना?" म्हणून संच तिला, आणि माझ्याकडचा खरा वजीरही तिलाच. तिने संच नवऱ्याच्या काचेच्या कपाटातून काढून खेळायला घ्यावा. नवऱ्याशी खेळायचं झालं तर गुलाबी बाजू त्याला द्यावी. राजात वडील आहेत. निदान त्यांना तरी तो सांभाळेल.

४. धाकट्या भावाला त्याने ओतलेला वजीर. त्यावर माझा काही हक्क नाही. सोबत दाढा बघायचा, लांब दांड्याचा माझा छोटा आरसा. त्यात त्याला आपलं नाव सुलटं वाचता येईल. आरसा जरा तिरका धरावा, म्हणजे नावाशेजारी तोंडही दिसेल.

वाचून पाहिलं, काही खोडायचं नाही.

ठिकाण: माझी कामाची खोली
दिनांक: चार मार्च

सही: थोरली बहीण

आमच्यासमोर सही झाली:
१. शेजारचे चष्मेवाले (सही)
२. पलीकडच्या गल्लीतली कवळीवाली (सही, कलम दोन वाचून दाखवण्याआधी केली)