विकेट घेतल्यावर मागे बांधलेले हात

मंगळवार, संध्याकाळ. मानपाडा.

बाबा गेल्यावर भेटायला येणारी माणसं आता कमी झाली आहेत. आज नानाकाका आले. बाबा गावच्या टीमचे फास्ट बोलर होते तेव्हा हे विकेटकीपर. चहा घेता घेता सहज म्हणाले, "तुझा बाप फार समजूतदार रे. विकेट काढली की हात मागे बांधून सरळ लांब जायचा. आम्हाला कधी अवघडात टाकलं नाही त्याने."

"त्यात अवघड काय, काका?"

"अरे, तुमच्या लोकांना शिवायची पद्धत नव्हती ना गावात तेव्हा. बॉलचं चालायचं. पण मिठी कोण मारणार?"

कौतुकानेच बोलत होते. चहा संपवून गेलेसुद्धा.

हात मागे बांधून. घरात आम्ही सगळे तो बाबांचा रुबाब समजत होतो. त्यांनी कधीच का नाही सांगितलं? कॉलेजात विकेट घेतली की मीही तसाच चालायचो. बाबा बघायला आलेले असले तर दुसरीकडे बघायचे. मला वाटायचं, भरून आलंय.

आत्ता माझ्या मुलीने, आर्याने, पॅसेजमध्ये प्लॅस्टिकच्या बॉलने स्टूल पाडलं, हात मागे बांधले आणि वळली.

"अगं, हात सोड ते!" मी जरा जोरातच बोललो.

"का? आजोबांची स्टाईल आहे ही!"

मी उठून तिच्यासमोर तळहात धरला. तिने हसून जोरात टाळी दिली आणि परत हात मागे बांधून चालत गेली.