अठरा कोटांचं खापर

प्रिय ठमे,

तुझा खोकला थांबला का? जावईबापूंची पाठ कशी आहे? बाळीला नवा दात आला का, तुझ्या आईचे गुडघे जिना चढू देतात का, सगळं सविस्तर कळव. तुझ्या बाबांच्या तब्येतीचं तू कधी लिहीत नाहीस आणि मीही विचारत नाही. आज विचारतो. इकडे मी बरा आहे. तुझ्या काकूचा दमा ताब्यात आहे, जीभ नाही.

शाळेतल्या मुलांसाठी शब्दांचं पुस्तक करतेस आणि ‘खापर फोडणे’चा अर्थ मला विचारतेस, याचं काकूला फार हसू आलं. शिंप्यानं शिवावं, शब्दांची उसवाउसव कशाला, म्हणाली. पण चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला कुणी अर्थ विचारला की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढतं. तेव्हा ऐक.

दोष कुणीही कुणालाही देतो. तो खरा असेल, खोटाही असेल. ठपका ठेवायला वरचा माणूस लागतो, थोडीफार चौकशीही लागते. बोल लावायचा तो घरच्यांना, नाहीतर नशिबाला. आळ घेताना हातात पुरावा नसतो, नुसता संशय. खापर फोडण्याची तऱ्हा निराळी. चूक एकाची, डोकं दुसऱ्याचं, आणि फोडणारा बहुतेक वेळा चुकलेलाच असतो. म्हणून नुसतं ‘दोष देणे’ लिहून मोकळी होऊ नकोस, मुलं फसतील.

उदाहरणही मागितलंस. माझ्याजवळ एकच आहे, पण पक्कं आहे.

तू पाळण्यात होतीस तेव्हा तुझे बाबा आणि मी एकाच दुकानात, एकाच टेबलावर काम करायचो. मी मापं घ्यायचो आणि शिवायचो. कापायला तो नुकता लागला होता. हात असा साफ की कापडावर खडूची रेघ आधी उमटली की कातर आधी फिरली, कळायचं नाही. एका मोठ्या हॉटेलातल्या वेटरांचे अठरा कोट आमच्याकडे आले. मी मापं घेतली, वहीत आकडे लिहिले, त्यानं त्या आकड्यांवर कापलं. कोट घेऊन गेलो तर एकाचंही बटण लागेना. एका धिप्पाड वेटरनं श्वास रोखून लावलं, आणि श्वास सोडला तेव्हा ते उडून माझ्या चष्म्यावर आपटलं. सगळे हसले. मॅनेजर हसला नाही. त्यानं विचारलं, चूक कोणाची? मी धाकट्याकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, कातर याची. तो एवढंच म्हणाला, दादा, मी तुझ्या आकड्यांवर कापलं. मी म्हटलं, आकडे काय पळून गेले? त्यावर पुन्हा सगळे हसले.

आठ दिवसांत तो गोदामात नोकरीला लागला. कातर पुन्हा हातात घेतली नाही, हे तुला माहीतच आहे. का, ते तुला कुणी सांगितलं नसेल.

महिन्याभरानं त्याचा टेप टेबलाच्या खणात सापडला. नवा, त्यानंच आणलेला. सहज माझ्या टेपशेजारी पसरला. त्याचे चाळीस इंच भरले तिथे माझे साडेअडतीसच. माझा कापडी टेप एकोणीस वर्षं गळ्यात राहून, ओढला जाऊन लांबला होता. एरवी मापही माझ्याच टेपनं आणि कापणंही त्याच टेपनं, म्हणून चूक आपोआप जिरायची. त्या खेपेला माप माझ्या टेपनं झालं आणि कापलं त्याच्या टेपनं. तुझा टेप बदल, असं तो मला दोनदा म्हणाला होता. मी हसण्यावारी नेलं होतं.

तुझी काकू म्हणते, बिचाऱ्या टेपचा दोष. तसं म्हणून मी पुष्कळ वर्षं झोपलोही. पण टेप मला गप्प बस म्हणाला नव्हता. त्याच दिवशी गोदामात जाऊन सांगायला अर्धा तास लागला असता. मी टेप कचऱ्यात टाकला आणि नवा आणला. याला सव्वीस वर्षं झाली.

ठमे, अर्थ तुला कुठल्याही कोशात मिळाला असता, हे मला ठाऊक आहे. पण तू लिहिलंस की रोज संध्याकाळी पुस्तकाची पानं बाबांना वाचून दाखवतेस आणि ते चुका काढतात. म्हणून एवढं लांबवलं. हे पत्र त्याला वाचून दाखव. मध्येच उठून गेला तर जाऊ दे. पण ‘चूक माझ्या मापाची होती, तुझ्या कातरीची नव्हती’ एवढं वाक्य त्याच्या कानावर पडू दे. माझ्या तोंडून त्याला हे कधी ऐकायला मिळालं नाही. तो काय म्हणाला ते जसंच्या तसं लिही, शिवी असली तरी गाळू नकोस. आणि उत्तर लवकर पाठव. पोस्टमन आमच्या गल्लीत अकराला येतो, मी साडेदहालाच दारात असतो.

तुझाच,
काका