कारणांचा रकाना

सोमवार, ४ ऑगस्ट
फुटलंच शेवटी! ड्यूटीच्या फाइलचा पासवर्ड चहाच्या यंत्रावर चिकटवलेला सापडला. कुणी पाळ्या बदलल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. पण त्या फाइलीत ‘कारण’ असा एक रकाना आहे. कुठल्या सिस्टरला रात्रपाळी का देऊ नये, ते मी त्यात लिहिते. कानाशी लागून सांगतात बिचाऱ्या. आज कपडे बदलायच्या खोलीत कुणीतरी त्यातलं एक मोठ्याने वाचलं – ‘मूल राहावं म्हणून उपचार चालू.’ जिचं होतं, तिने दिवसभर माझ्याकडे पाहिलं नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट
पासवर्ड नकोच. त्याला पाय फुटतात. मॅक्रो लिहायला घेतला आहे, म्हणजे फाइलीतच आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम. फाइल उघडली की कॉम्प्युटरवर कोण लॉगिन आहे ते बघायचं. यादीत नाव नसेल तर ‘परवानगी नाही’, नावाची नोंद, आणि फाइल बंद. मॅक्रो बंद ठेवून उघडणाऱ्या शहाण्यांसाठी बाकीची पानं दडवलेली. समोर एकच कोरं पान, वर एक ओळ – ‘मॅक्रो चालू करा.’ मॅक्रो चालू असला की ते पानही दिसत नाही.
ह्यांना कौतुकाने सांगितलं. म्हणाले, “फ्रीजलाही लाव एक. मीच उघडत असतो सारखा.”

शुक्रवार, ८ ऑगस्ट
चाललं! यादीत दोनच नावं, मेट्रनचं आणि माझं. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला बघून गेला. “छान केलंत ताई. पण हे कुलूप सज्जनांपुरतं हं. पक्का चोर काढेल.”
म्हटलं, “वॉर्डात सगळ्या सज्जनच आहेत. कान तेवढे लांब आहेत.”

मंगळवार, १२ ऑगस्ट
नोंदीत नाव आलं. घड्याळ!
पाळी संपली की क्षणभर थांबत नाही, म्हणून सगळ्या तिला घड्याळ म्हणतात. आई अंथरुणाला खिळलेली, रात्री जवळ दुसरं कुणी नाही – हे मला ठाऊक आणि त्या रकान्याला. बाकीच्या टोमणे मारतात, “ताईंची लाडकी ती, तिला कशी लागेल रात्रपाळी!” तिच्यापायी किती जणींशी वाईटपणा घेतला मी. ‘घरचं काम’ म्हणून रजा घेतली होती. आल्या आल्या हे?

बुधवार, १३ ऑगस्ट
पुन्हा तीच.

गुरुवार, १४ ऑगस्ट
बोलले तिला. औषधांच्या कपाटापाशी, इतर दोघी होत्या तरी. “काही हवं असेल तर माणसाने तोंडाने सांगावं. चोरून कशाला?”
“ताई, ते माझं—” एवढंच म्हणाली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग ती ट्रेमधल्या बाटल्या सरळ करत राहिली. त्या सरळच होत्या.
आवाज चढवला नव्हता मी. तरी घरी आल्यावर तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. पण एकदा सूट दिली की संपलंच.

सोमवार, १८ ऑगस्ट
त्यानंतर नोंद कोरी. वचक बसला.
आणि आज ती उपचारवाली आपणहून आली, कानाशी लागली. नवी तारीख मिळाली आहे म्हणे. “ते आता कुणी उघडत नाही ना ताई?”
“माशीसुद्धा शिरणार नाही.”
हसली. किती दिवसांनी! जिंकले मी.

मंगळवार, १९ ऑगस्ट
लावलेलं कुलूप ओढून बघावं, तशी आज मुद्दाम मॅक्रो बंद ठेवून फाइल उघडली. असं उघडलं की नावाची नोंदही होत नाही. कोरं पान समोर आलं. कोरं नव्हतं. माझ्या ओळीखाली लिहिलं होतं –
‘ताई, दुसऱ्या कुणाचं बघायचं नव्हतं. माझ्या नावापुढचं कारण तेवढं खोडायचं होतं. आई गेली. सगळ्यांसमोर तोंडाने सांगवेना. आता रात्रपाळी चालेल मला.’
त्या एका पानाला कुलूप लावायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.