मांडीतलं लोखंड

राजारामपुरी, कोल्हापूर
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

तीर्थरूप अण्णांस,

वर्षाराणीचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक. तुमचा नातू यशराज यंदा दहावीला आहे. क्लासवरून येताना वडापाव खाऊन येतो आणि घरी ताटावर तोंड वाकडं करतो. तुमच्या उसाला तोड आली का? म्हैस व्याली म्हणे, रेडी झाली ना? फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. रागानं फाडू नका. शेवटपर्यंत वाचा, मग काय करायचं ते करा.

मागच्या बुधवारी तुम्ही इथल्या हार्टच्या दवाखान्यात येऊन गेलात, हे मला कळलं. आपला धाकटा धैर्यशील गाडीतून घेऊन आला होता, त्यानंच सांगितलं असं समजा.

डॉक्टरांनी घाईत सांगितलं, मी सावकाश सांगते. तुमच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या भिंतींनी एकदम दाबलं पाहिजे. तुमची मधली भिंत आधी दाबते आणि बाहेरची मागून, उशिरा. तुम्ही आणि आई नदीवर ओली वाकळ पिळायचात, दोघं दोन टोकांना. एकानं पीळ दिला आणि दुसऱ्यानं तोवर सैल सोडली, तर पाणी निघेल का? तसं रक्ताचं झालंय. म्हणून चार पावलांत दम लागतो, पाय सुजतात, आणि तुम्हाला बसून झोपावं लागतं.

यावर एक यंत्र असतं. काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं, गळ्याच्या हाडाखाली कातडीत बसवतात. त्याच्या तारा दोन्ही भिंतींना एकाच वेळी इशारा देतात. पण ते सगळ्यांना लागू पडत नाही. बाहेरची भिंत जिवंत असेल तरच ती ऐकते. तिथं वण पडून मांस मेलं असेल, तर तार लावून उपयोग नाही. हा वण एमआरआयमध्ये नीट दिसतो, म्हणून डॉक्टरांनी तो करायला सांगितला. त्या मशिनीत मोठं लोहचुंबक असतं, म्हणून अंगात लोखंड आहे का ते आधी विचारतात.

आणि तुम्ही काय म्हणालात? "माझ्या मांडीत लोखंड हाय. मला त्या मशिनीत घालू नगासा."

अहो अण्णा, कुठलं लोखंड? कडबाकुट्टीचं पातं उडून मांडीत घुसलं तेव्हा मी सातवीत होते. जयसिंगपूरच्या डॉक्टरनं तुकडा काढून, कापसात गुंडाळून आईच्या हातात दिला. आईनं शिव्या घालत तो घाटावरून कृष्णेत भिरकावला, मी शेजारी उभी होते. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आधी एक्स-रे काढून बघू. तर "फुडच्या खेपेला" म्हणून तुम्ही चपला घालून चालते झालात. खोटं बोलायचं तर जरा नीट तरी बोलायचं की!

आता खरं सांगते. धैर्यशीलनं माझ्यापाशी अवाक्षर काढलेलं नाही, त्याला उगाच झापू नका. त्या अंधाऱ्या खोलीत तुमच्या छातीवर मशीन फिरवणारी मास्कवाली बाई मीच होते.

यादीत तुमचं नाव वाचलं तेव्हा मी माझ्या जागी दुसऱ्या बाईला बसवू शकत होते. नाही बसवलं. सहा वर्षांत तुम्हाला डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तुम्हाला ऐकू कमी येतं, त्यात मी मुद्दाम पुस्तकातल्यासारखं बोलले. डाव्या कुशीवर वळा, श्वास सोडा, धरून ठेवा. माझं म्हणणं तुम्ही जन्मात इतकं मुकाट्यानं ऐकलं नव्हतं! वीस मिनिटांचं काम मी पाऊण तास केलं. पुन्हापुन्हा मोजलं. बाहेरची भिंत उशिरा हलत होती, पण हलत होती अण्णा. ती मेलेली नाही असं मला वाटतं. नुसतं वाटतं. खात्रीनं सांगायला एमआरआयच पाहिजे.

छातीवरचं जेल पुसताना तुम्ही म्हणालात, "हळू हात हाय बाई तुझा." तेव्हा मला तुम्हाला हाक मारायची होती. नाही मारली. नंतर मी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांच्या टेबलापाशी उभी होते, तुम्ही लोखंडाचं बोललात, तेव्हाही मी गप्प बसले. तोंड उघडलं तर तुम्ही ओळखाल आणि उठून जाल, अशी भीती वाटली. तुम्ही तसेही उठून गेलात. ही चूक माझी आहे.

तुम्ही मशिनीला भीत नाही, मला माहीत आहे. आईला मी हट्टानं कोल्हापूरला दवाखान्यात आणलं आणि ती घरी परत आली नाही. "तुझ्या मशिनीनं काय केलं?" असं तुम्ही दारात विचारलंत आणि पुन्हा येऊ नको म्हणालात. कदाचित तिला घरीच ठेवायला हवं होतं. मी रोज दहा माणसांची हृदयं बघते आणि दहाही वेळा ती आठवते.

यंत्राचा उपयोग नाही असं निघालं तर काय, ही धास्ती तुम्हाला आहे तशी मलाही आहे. पण तसं निघालं तर मी स्वतः तुमच्याजवळ बसून सांगेन, दुसऱ्या कुणाला सांगू देणार नाही. औषधं चालूच राहतील. आणि मी येत राहीन, तुम्ही दार उघडलंत तर.

येत्या सोमवारी, पंधरा तारखेला, सकाळी दहाची वेळ घेतली आहे. आधी एक्स-रे, मग एमआरआय. गोळ्या चुकवू नका. यंत्र बसवायचं की नाही ते पुढं तुम्हीच ठरवा, या खेपेला मी हट्ट करणार नाही.

तपासणीच्या फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. ती मी आजच करून ठेवली. नात्यापुढं "मुलगी" असं लिहिलंय. खोडायचं असेल, तर सोमवारी स्वतः येऊन माझ्यासमोर खोडा.

वाट बघणारी,
तुमची वर्षाराणी