नव्या शेपच्या सीटचं माप

१२ नोव्हें. ८६
कल्याणच्या शोरूमला गेलो. नव्या शेपची छोटी गाडी एकच आलीय, बघायला ही गर्दी! बँकेतले, शाळामास्तर, सगळे काटकसरीवाले. "टॅक्सीपेक्षा परवडते गं," एकजण बायकोला पटवत होता. जुनी नुसती डबी होती. ही खरंच बरी दिसते. लछूशेठ (उल्हासनगर, तीन नंबर कॅम्प, आम्ही शिवलेली सीटकव्हरं तोच विकतो) म्हणतो, असली माणसं गाडी घेतली की आधी सीट झाकतात. ज्याचं कव्हर पहिलं तयार, गिऱ्हाईक त्याचं.

वॉचमनने टेप काढू दिला नाही. "लेना है तो बैठो." मग हे गिऱ्हाईक बनून बसले नि हात सरकवत वितीने माप घेतलं. मी बाहेर हसू दाबत उभी.

१३ नोव्हें.
ह्यांनी विती सांगितल्या, मी इंच काढले. पाठ अडीच वीत. ह्यांची वीत नऊ इंच, लग्नापासून तोंडपाठ. कागदाचा फर्मा मी आखला. कापायचं ह्यांनी, शिवायचं मी, नेहमीसारखं. कात्री दोनदा पडली हातातून. म्हणे घाम येतो. नोव्हेंबरात?

२१ नोव्हें.
बारा सेट झाले. लावून बघायला गाडी कुठाय? शेठ म्हणतो, "भाभी, सीट तो सीट होती है. टेन्शन मत लो."

२४ नोव्हें.
वाट लागली. अंबरनाथ पश्चिमेचे एक मास्तर नवी गाडी घेऊन शेठच्या दुकानावर आले, हार घातलेली, पेढे वाटत. कव्हर चढवलं तर लोंबायला लागलं. पाठीला चार इंच जास्त. दुसरा सेट, तिसरा, सगळे तसेच. मास्तरीणबाई म्हणाल्या, "हे काय, गोणपाट?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेठ ओरडलासुद्धा नाही. "उसवून छोटा करा, माल बच जाएगा."

घरी येईपर्यंत ह्यांना वाट्टेल ते बोलले. चारचौघांत, रस्त्यात.

२५ नोव्हें.
हे अडूनच बसले, माप बरोबर घेतलं होतं म्हणून. मी टेप आपटला. "ठेवा हात." उजवा हात पसरला. साडेसात. पुन्हा ताणला, दात आवळून. साडेसातच.

मोरिवलीला कंपनीत प्रेसखाली आलेला तोच हात. चार वर्षं झाली. नोकरी गेली, हात बरा झाला, असंच धरून चाललो होतो आम्ही. मी तरी.

"कधीपासून मिटतोय?"
"मला काय माहीत."

माहीत होतं ह्यांना. शर्टाची बटणं डाव्या हाताने लावतात, रोज बघते मी. बघून काय उपयोग झाला? डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू दोऱ्यांच्या डब्यात तळाशी सापडला. काल रस्त्यात बोलले ते आठवतंय नि…

३ डिसें.
डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात, आतून आखडलाय. ऑपरेशनचं नंतर बघू, खात्री देता येत नाही. तोवर चेंडू, गरम पाणी.

रेक्झिनचे चार थर एकदम कापायचे म्हणजे हातात जोर हवा. मी एकदा करून बघितलं, दोन वाकडे गेले. ह्यांचा हात मिटला की आमचं संपलं. मला दुसरं काही सुचतच नाही.

१९ डिसें.
सगळे सेट उसवून लहान केले. आता अगदी चापूनचोपून बसतात. शेठ खूश, आणखी चाळीस मागतो. नव्या शेपच्या गाड्या धडाधड येताहेत म्हणे. येऊ देत मेल्या.

हे कात्रीला चिंध्या गुंडाळून कापतात. दिवसाला एक सेट. पूर्वी चार.

५ जाने. ८७
महिनाभर चेंडू इमानाने दाबला. आज स्वतःच टेप घेऊन आले. "बघ गं, वाढली का वीत."

हात पसरला. मी वाकून बघितलं. सव्वासात.

"साडेसात," म्हटलं. "होती तेवढीच आहे. कमी नाही झाली, हे काय थोडं?"

"बरं," म्हणाले. टेप गुंडाळायला हात उचलला, पण त्याआधी अंगठा नि करंगळी कुठे टेकलीय ते त्यांनी नीट बघितलं. मग चिंधी बांधायला कात्री माझ्यापुढे केली.